संभाव्य लाभार्थी

जिल्ह्याच्या गावी, बंद पडलेल्या दूध डेअरीच्या मागे, मुलांचं निरीक्षणगृह होतं. कायद्याच्या भाषेत तिथे ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ राहायचे, गावाच्या भाषेत ‘रिमांडची पोरं’. इमारत पन्नासांसाठी बांधलेली. आत तीसेक मुलं असायची आणि छत गळत असल्यामुळे ती सगळी एकाच कोरड्या खोलीत झोपायची. अधीक्षकांनी छताच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला. अंदाजपत्रकात दुरुस्तीला लेखाशीर्ष नव्हतं, विस्ताराला होतं. तेव्हा गळणारं छत तसंच ठेवून शेजारी दोनशे मुलांची तीन मजली इमारत बांधायचं ठरलं. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. हे इथेच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ते सांगायला जागा मिळणार नाही.

दोनशेच का, तर बांधकाम खात्याकडे तयार असलेला नकाशा दोनशेचा होता. शंभराचा मागितला असता तर तो नव्याने काढावा लागला असता आणि तोवर मार्च उलटला असता. मार्च उलटला की न खर्चलेला पैसा परत जातो, आणि पैसा परत जाणं हा आपल्याकडे एकमेव गुन्हा आहे ज्याबद्दल अधिकाऱ्याला खरोखर बोलणी बसतात.

दोनशे खाटा म्हटल्यावर दोनशे मुलं लागणार. ती येणार आहेत हे कागदावर दाखवण्याचं काम यशोधन बिडकरांचं. बिडकर जिल्हा नियोजन कार्यालयात सहायक संशोधन अधिकारी होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या या माणसाने सारी नोकरी शिळ्या जनगणनेवर ताजे अंदाज बांधण्यात घालवली होती. त्यामुळे पुण्याच्या एका संस्थेने ‘चाहूल’ नावाची संगणक प्रणाली तयार केली आणि शासनाने ती सगळ्या जिल्ह्यांना दिली, तेव्हा पन्नाशी उलटलेले लोक जसे अध्यात्माला लागतात तसे बिडकर चाहूलच्या नादी लागले.

चाहूलचं काम समजायला अवघड नव्हतं. शाळेतली चेहऱ्याची हजेरी, रेशनचा अंगठा, विजेचं मीटर, एसटीचा पास, आरोग्य केंद्रातून नेलेल्या गोळ्या, अशा सगळ्या सरकारी नोंदी ती एकत्र करायची आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाची एक सावली तयार करायची. मग ती सावली पुढच्या काळात हजारदा चालवून बघायची. एका खेपेला सावली दहावी पास व्हायची, दुसऱ्या खेपेला ऊसतोडीला जायची, तिसऱ्या खेपेला कोणाचा तरी मोबाईल घेऊन पळायची. सगळ्या सावल्यांची बेरीज केली की किती शाळा लागतील, किती लसी लागतील, आणि निरीक्षणगृहात किती खाटा लागतील, हे आजवरच्या कुठल्याही पद्धतीपेक्षा नेमकं कळायचं.

खाटा लागणार होत्या सत्तर. बिडकरांनी तो आकडा जिल्हा नियोजन अधिकारी नलावडे मॅडमना नेऊन दाखवला.

“सत्तर?” मॅडम म्हणाल्या. “नकाशा दोनशेचा आहे.”

“मॅडम, मुलं तेवढी नाहीत.”

“आज नाहीत. किती पुढचं बघितलंत?”

“पाच वर्षं.”

“इमारत साठ वर्षं टिकणार आणि तुम्ही पाच वर्षांचं बघता! जरा लांबचं बघा, बिडकर. तुमची नजर फार जवळची आहे.”

चाहूलमध्ये ‘कालावधी’ नावाची एक पट्टी होती. बिडकरांनी ती उजवीकडे सरकवत नेली. पंचविसाव्या वर्षाशी आकडा दोनशेला टेकला. त्या अंतरावर चाहूल पानाच्या तळाला एक ओळ दाखवायची, की इतक्या लांबचा अंदाज विश्वासार्ह धरू नये. छापील प्रतीत ती ओळ आली नाही. बिडकरांनी ती कापली असं मात्र म्हणता येणार नाही. त्यांनी फक्त खालचा समास वाढवला.

प्रस्ताव मुंबईला गेला आणि परत आला. वर शेरा होता: ‘लाभार्थ्यांची गावनिहाय नावे आधार क्रमांकासह संलग्न नाहीत. सबब प्रस्ताव परत.’

“मॅडम, या योजनेला लाभार्थी नसतात,” बिडकर म्हणाले.

“योजना आहे ना?”

“आहे.”

“निधी आहे?”

“आहे.”

“मग लाभार्थी कसे नसतील? विहिरीला लाभार्थी असतो. शेळीला असतो.”

“शेळी मिळाली की माणसाला आनंद होतो, मॅडम.”

“आनंद हा निकष नाही,” मॅडम म्हणाल्या. “नावं काढा.”

अडचण अशी, की पंचवीस वर्षांनंतरची मुलं अजून जन्मली नव्हती आणि जन्माला न आलेल्याचं आधार कार्ड निघत नाही. तेव्हा आज जिवंत असलेल्यांतूनच दोनशे निवडणं भाग होतं. बिडकरांनी पुण्याला, चाहूल ज्यांनी बनवली त्या डॉ. इरावती केळुसकरांना, फोन लावला.

“नावं?” केळुसकर म्हणाल्या. “बिडकर, प्रशिक्षणात मी चपलांचं उदाहरण दिलं होतं. आठवतंय?”

“आठवतंय, मॅडम.”

“एसटी स्टँडवर आज किती चपलांचे अंगठे तुटतील हे मी बऱ्यापैकी सांगू शकते. कोणाचा तुटेल हे नाही सांगू शकत. आणि तुम्ही आता गाडीतून उतरणाऱ्या एकेकाला गाठून म्हणणार, तुमचा तुटणार आहे, चला, चप्पल जमा करा.”

“फक्त फाईलपुरतं आहे, मॅडम.”

“फाईलपुरतं असं काही असतं का?”

“आमचं सगळं फाईलपुरतंच असतं,” बिडकर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

“मग निदान प्रत्येक नावाआधी ‘संभाव्य’ लिहा. शब्द द्या मला.”

बिडकरांनी शब्द दिला आणि पाळलाही. नावं निघाली. बहुतेक कालव्यापलीकडच्या वस्त्यांवरची आणि वीटभट्ट्यांवरची होती. चाहूलला कोणी जात सांगितली नव्हती, ती तिने विजेच्या मीटरवरून काढली होती.

आता कोणत्याही योजनेचे लाभार्थी ग्रामसभेत वाचून मंजूर व्हावे लागतात. तसा नियमच आहे, आणि तो लोकशाहीसाठी केलेला आहे. प्रत्येक गावाला एकेक संपर्क अधिकारी नेमला गेला. बिडकरांच्या वाट्याला तांबोरी आलं, कारण तिथे त्यांची बहीण कुमुद दिली होती आणि जेवणाची सोय होणार होती.

“एक लक्षात ठेवा,” निघताना मॅडम म्हणाल्या, “‘गुन्हा’ हा शब्द वापरायचा नाही. लोक भडकतात. ‘निवासी सुविधा’ म्हणा.”

तांबोरीची ग्रामसभा समाजमंदिरात भरली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी माईक ठोकून बघितला आणि वाचायला सुरुवात केली, “निरीक्षणगृह विस्तार योजना. संभाव्य लाभार्थी.” ‘संभाव्य’ माईकच्या खरखरीत गेला. ‘लाभार्थी’ स्वच्छ ऐकू आला. मग आठ मुलांची नावं आली आणि समाजमंदिरात कुजबुज सुरू झाली.

“गृह म्हंजे घरकुल का, भाऊसाहेब?”

“घरकुल पोराच्या नावानं कुटं असतंय? वसतिगृह असंल.”

“मग निरीक्षण कशाचं?”

“आदी निरीक्षण करणार, मग देणार. फुकट कोण देतंय?”

सगळ्यांनी बिडकरांकडे बघितलं. “साहेब, जेवण हाय का?”

“दोन वेळचं,” बिडकर म्हणाले.

“पैसे?”

“काही नाही.”

“किती वर्सं ठेवणार?”

“ते प्रत्येकाचं वेगळं असतं.”

त्या दिवशी तांबोरीत बिडकर एकही खोटं बोलले नाहीत.

मग मागून एक जण उठला. “वीटभट्टीवाल्यांचीच नावं बरी निघतात! आमच्या पोरांनी काय पाप केलंय?” त्यावर गलका झाला. सरपंचाच्या भावाने आपल्या दोन्ही मुलांची नावं घालायला लावली. आणखी कोणी पुतण्याचं घातलं. बिडकर उठले. “एक खुलासा करायचा आहे,” ते म्हणाले, आणि सभा गप्प झाली.

पुढच्या ओळीत ज्यांच्या मुलांची नावं मुळात आली होती ते बाप बसले होते. एरवी ते दाराशी उभे राहायचे. आज कोणीतरी त्यांना पुढे बसवलं होतं. त्यांच्यातल्या एकाने हात जोडलेले होते, आणि ते कधी सोडायचे हे त्याला कळत नव्हतं. ‘तुमची मुलं चोर निघतील असं सरकारला वाटतं,’ हे वाक्य बिडकरांनी मनात नीट जुळवलं. नंतर ते म्हणाले, “निवड निकषांनुसार झालेली आहे,” आणि बसले.

त्याच वेळी बायकांच्या बाजूने कुमुद उठली.

“माझ्या अधिराजचं नाव घाला,” ती म्हणाली. “मामा समोर बसलाय म्हणून नाही सांगत. नवऱ्यामाघारी एकटी पोराला वाढवतेय, निकषात बसतंय म्हणून सांगते.”

टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर झाला.

अधिराज चौदा वर्षांचा होता. गावात त्या साली जन्मलेली निम्मी मुलं नावाने राजेच होती, पण हा राजा फारच निरुपद्रवी होता. सांगितलेलं करायचं, दिलेलं खायचं, शाळेत मधल्या बाकावर बसायचं. बिडकरांनी हौसेने त्याची सावली चालवून बघितली होती. हजार खेपांत ती जवळजवळ दरवेळी आयटीआयला जाऊन वायरमन व्हायची. चाहूलच्या लेखी जिल्ह्यात याहून कंटाळवाणा मुलगा नव्हता, आणि बिडकरांना त्याचं फार समाधान होतं.

जेवताना ते म्हणाले, “कुमुद, नाव मागे घे. ते वसतिगृह नाही. रिमांड होम आहे.”

कुमुदने भाकरी थापता थापता वर बघितलं. “सगळ्या गावाच्या पोरांना वसतिगृह आणि माझ्या पोराला तेवढं रिमांड होम?”

“सगळ्यांनाच रिमांड होम आहे.”

“मग तिथं बोलायला तोंड नव्हतं का तुला?”

बिडकर ताटाकडे बघत राहिले.

“बघ,” कुमुद म्हणाली. “दादा, तू काही दिलं नाहीस त्याचं मला वाईट वाटत नाही. पण सरकार देतंय त्यात तरी आडवा येऊ नको. मला दहावीतनं काढलं तेव्हाही तू असाच ताटात बघत होतास.”

अधिराज म्हणाला, “मामा, तिथं पंखे आहेत का?”

“आहेत,” बिडकर म्हणाले. हेही खरंच होतं.

नावं लाभार्थी पोर्टलवर चढली. पोर्टलवर ‘संभाव्य’ असा रकाना नव्हता. नव्या योजनेला नवा संकेतांक मिळायला वेळ लागतो, म्हणून जुन्या निरीक्षणगृहाचाच संकेतांक वापरला गेला. निधी सुटला, इमारतीचा पाया खणला गेला, नलावडे मॅडमनी पेढे वाटले. पुढच्या शैक्षणिक वर्षात, इमारतीचा तळमजला उभा राहत असताना, चाहूलचे आकडे हलले. पाच वर्षांच्या अंतरावर सत्तर असलेला आकडा दोनशेच्या वर गेला, तोही पट्टीला कोणी हात न लावता.

बिडकरांनी घाबरून पुण्याला फोन केला. केळुसकरांनी बराच वेळ त्यांच्या पडद्यावर काहीतरी बघितलं.

“चाहूलकडे सगळ्यांत पक्का धागा कोणता असतो, माहीत आहे?” त्या म्हणाल्या. “एकदा आत जाऊन आलेला मुलगा पुन्हा आत जातो. शाळेतली गैरहजेरी वगैरे त्यापुढे काहीच नाही. तुमच्या पोर्टलवर दोनशेहून जास्त मुलांच्या नावापुढे निरीक्षणगृहाचा लाभ घेतल्याचा संकेतांक आहे. तिने विश्वास ठेवला. सरकार फाईलपुरतं लिहितं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.”

“मग दुरुस्त करा ना, मॅडम.”

“यंत्र बरोबर आहे, बिडकर. नोंद चूक आहे. ती तुमच्याकडे आहे.”

चाहूलचे ताजे निष्कर्ष पोलीस ठाण्यांना जायचे, ‘माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव’. ठाण्यांनी उचित कार्यवाही केली. दर रविवारी मुलांना हजेरीला बोलावलं. शाळेच्या कॅमेऱ्यात या मुलांच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट येऊ लागली, आणि चौकट बघून इतर पालकांनी तक्रार केल्यावर हेडमास्तरांनी त्यांना व्हरांड्यात बसवलं. व्हरांड्यात बसून कोणी किती दिवस भूगोल ऐकणार? काहींनी शाळा सोडली. वीटभट्टीवरच्या एकाने शाळेची खिडकी फोडली आणि तो आत गेला. सरपंचाच्या थोरल्या पुतण्याने हजेरी घेणाऱ्या शिपायाची कॉलर धरली, तोही गेला. इमारत तयार झाली आणि तिचा पहिला मजला भरू लागला. चाहूल दर आठवड्याला थोडी जास्त बरोबर येत होती.

कुमुदचा फोन आला. “दादा, त्याला वर्गाबाहेर बसवलंय. रविवारी चौकीत बसून येतो, आल्यावर जेवत नाही.” मग म्हणाली, “दादा, तू खरं सांगत होतास.”

“हो.”

“मग माझ्या कानफटात मारून सांगायचंस की रे.”

नाव काढायला पोर्टलवर तीनच कारणं होती: मृत, कायम स्थलांतरित, लाभ पूर्ण. स्थलांतर केलं तर संकेतांक मुलाबरोबर नव्या गावी जायचा. मृत दाखवलं तर पोलीस आले नसते, पण शाळाही गेली असती आणि रेशनही. बिडकरांनी या पर्यायाचा कार्यालयीन वेळेत गांभीर्याने विचार केला. चौथा मार्ग पोर्टलवर नव्हता. तो म्हणजे आपण पट्टी सरकवली, समास वाढवला, सगळी नावं निरर्थक आहेत, असं स्वतःच्या सहीने लिहून देणं. त्यातून सगळी मुलं सुटली असती आणि बिडकरांची चौकशी लागली असती. पेन्शन जवळ आली होती. त्यांनी एका मुलापुरता मार्ग निवडला.

‘लाभ पूर्ण’ दाखवायला लाभार्थ्याचा लाभासोबत फोटो लागतो. शौचालय मिळालेला माणूस शौचालयाच्या दारात उभा राहतो, शेळी मिळालेली बाई शेळीचा दोर धरते, आणि फोटोबरोबर जागेची नोंद आपोआप जाते. अधिराजला नव्या इमारतीत न्यायचं, खाटेवर बसवून फोटो काढायचा, खातं बंद, आणि तासाभरात परत. कुमुदने त्याचा शर्ट इस्त्री करून दिला. “फोटोत नीट बस,” तिने त्याला सांगितलं.

अधीक्षक तिडके सज्जन माणूस होते. गळक्या छताचा प्रस्ताव त्यांचाच. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरची एक खाट झटकून दिली. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

“हात मांडीवर ठेव,” बिडकर म्हणाले. “आणि हस थोडं. लाभार्थी हसतो.”

अधिराज हसला. फोटो गेला. पोर्टलवर हिरव्या अक्षरांत ‘लाभ पूर्ण’ आलं, आणि बिडकरांनी कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास घेतला. मामा-भाचे खाली उतरून गेटपाशी आले. गेटने बिडकरांचा चेहरा बघितला आणि ते उघडलं. अधिराजचा चेहरा बघितला आणि ते लागलं.

“तिडके, गेट उघडा.”

“मी नाही उघडत, साहेब. ते चेहरा बघतं. नव्या टेंडरमधलं आहे.” तिडकेंनी फोनवर काहीतरी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “साहेब, हा दाखल दिसतोय. आत्ताच झालाय. तुमच्याच लॉगिनने.”

“अहो, तो फोटो होता! तुमच्या चेहऱ्यावर उघडा.”

“माझ्या चेहऱ्यावर मी एकटाच बाहेर जातो, साहेब. मुलाला बाल न्याय मंडळाचा आदेश लागतो.”

अधिराज गजांच्या आत उभा होता. “मामा, काही विसरलं का?” तो म्हणाला.

बिडकर मंडळाकडे गेले. मंडळातल्या बाई सहानुभूतीने बोलल्या. मुलगा ज्या प्रकरणात आत आहे त्या प्रकरणात त्या लगेच जामीन द्यायला तयार होत्या. पण प्रकरणच नव्हतं. “जे प्रकरण नाही त्यातून सोडू कसं?” त्या म्हणाल्या. हा प्रश्न त्या बिडकरांना खरोखर विचारत होत्या.

मग बिडकरांनी तो चौथा मार्ग धरला. सगळं लिहून, सही करून, कागद नलावडे मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला. चष्मा काढला.

“तुम्ही लिहिलंय, अंदाज खोटा होता.”

“हो, मॅडम.”

त्यांनी पडदा बिडकरांकडे वळवला. “नव्या इमारतीत आज किती मुलं आहेत बघा. त्यांतली तुम्ही दिलेल्या नावांपैकी किती आहेत, तेही बघा. बिडकर, इतका बरोबर अंदाज राज्यात कोणाचा आलेला नाही. शेजारचे दोन जिल्हे आपली पद्धत मागतायत. तुमचा हा कागद मी मुंबईला पाठवला तर ते विचारतील, अंदाज खोटा होता तर मुलं आली कुठून?”

“आपण आणली, मॅडम.”

बाई वाईट नव्हत्या. “हे तुम्ही सिद्ध कसं करणार?” त्या हळू म्हणाल्या. “न आणलेल्या मुलांचा जिल्हा दाखवू शकाल कुठे?” बिडकर संख्याशास्त्राचे विद्यार्थी होते. प्रश्न बिनतोड आहे हे त्यांना मॅडमच्याही आधी कळलं. मॅडमनी कागद परत त्यांच्या हातात दिला. “भाचा आहे ना तुमचा? पोलीस ठाण्याच्या साहेबांना भेटा. ते काहीतरी करतील.”

ठाण्याच्या साहेबांनी चहा मागवला. “सोपं आहे,” ते म्हणाले. “प्रकरण नाही हीच अडचण आहे ना? मग किरकोळ एखादं दाखल करू. गाडीचोरी वगैरे. मुलगा कबूल झाला की मंडळ त्याच बैठकीत जामीन देतं. फिर्यादी घरचाच बघा, म्हणजे नंतर कटकट नको. तुमच्याकडे स्कूटर आहे?”

“आहे.”

“झालं तर मग.”

कबूल केलेली चोरी मुलाच्या सावलीचं पुढे काय करते, हे बिडकरांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी फिर्यादीवर सही केली.

भेटीच्या दिवशी ते कुमुदला घेऊन गेले. अधिराज दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. थोडा वाळला होता. तांबोरीची सगळीच पोरं इथे आहेत, त्यामुळे करमतं, असं त्याने सांगितलं. पंखे चांगले आहेत म्हणाला. कुमुदने त्याचा हात धरला तो सोडला नाही. घरून निघाल्यापासून तिने भावाकडे बघितलं नव्हतं.

बिडकरांनी समजावलं. मंडळापुढे गेलास की त्या बाई विचारतील. तू म्हणायचं, मामाची स्कूटर मी नेली. एवढं म्हटलंस की घरी.

“मी नेली?”

“नाही नेलीस. नुसतं म्हणायचं.”

अधिराजने विचार केला. तो सगळ्याच गोष्टींचा असा मन लावून विचार करायचा. “मशीनला दिसलं होतं का ते?” त्याने विचारलं. “सगळी पोरं म्हणतात, मशीनला आधीच दिसतं. म्हणून आणतात. मग मी स्कूटर चोरणार होतो का?”

चाहूलने अधिराजचं नाव कधीच घेतलं नव्हतं. तिला दिसला होता एक वायरमन, हजार खेपांत जवळजवळ हजारदा. नाव कोणी घातलं हे सांगितलं असतं तर प्रश्नाचं उत्तर सरळ होतं, आणि ते उत्तर त्याचा हात धरून बसलं होतं. कुमुदने पहिल्यांदा भावाकडे बघितलं. नजर खाली घेतली नाही.

“हो,” बिडकर म्हणाले. “स्कूटरच दिसली होती.”

अधिराजने मान डोलावली. कशाचा तरी उलगडा झाल्यासारखा त्याचा चेहरा जरा निवळला. मग कपाळाला पुन्हा आठी पडली.

“पण मला चालवता येत नाही,” तो म्हणाला.

वर कुठेतरी तिडके मुलांची नावं पुकारत होते.

“शिकलो असेन,” अधिराजने स्वतःचं स्वतःच ठरवून टाकलं.